माहेराला संदर्भ हवा

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या ह्या अख्ख्या पट्ट्यात आजवर जेवढ्या वस्तू बनल्या, त्यांतल्या निम्म्या आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी एकदा तरी नापास केलेल्या असणार आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्या हाताखालून गेल्या नाहीत म्हणूनच वाचल्या असणार, असं माझं ठाम मत आहे. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काका पस्तीस वर्षं क्वालिटीला होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवायचं आणि ह्यांनी मोजायचं. बरोबर असेल तर हिरवं लेबल, थोडं घासून-पुसून सुधारण्यासारखं असेल तर पिवळं, म्हणजे रिवर्क, आणि कामातून गेलेलं असेल तर लाल. माझे बाबा त्याच कंपनीत लेथवर होते. बाबांनी आयुष्यभर बनवलं, काकांनी आयुष्यभर रिजेक्ट केलं, आणि तरी दुपारी दोघं एकाच डब्यात जेवले. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी बाबा काकांना शिव्या घालायचे आणि रविवारी त्यांच्याचकडे चहाला जायचे. रिटायर होताना कंपनीनं काकांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी ते आठवडाभर मोबाइलशी ताडून पाहिलं, रोज अकरा सेकंद मागं पडतं असं सिद्ध केलं, आणि पिवळं लेबल लावून कंपनीत परत नेऊन दिलं.

रिटायर झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर बागेत जमून मोठमोठ्यानं हसतात. काकांनी जग तपासायला घेतलं. सदऱ्याच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, लाल पेन आणि लेबलांचं पाकीट, एवढ्या सामानावर माणूस काय काय करू शकतो हे आमच्या सोसायटीला विचारा. लग्नाची पत्रिका आली की काका त्यातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून ती यजमानांच्या घरी पोचवतात. आहेराआधी पत्रिका परत आल्यामुळे दोन घरांनी बोलणं टाकलं होतं. पण तिसऱ्या घरानं पुढच्या पोराची पत्रिका छापायच्या आधीच काकांकडे आणून दिली, तेव्हा काका आठ दिवस खुशीत होते. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर स्पिरिट लेव्हल घेऊन चढले आणि म्हणाले, "बाप्पा दोन डिग्री डावीकडं झुकायलेत." पोरं म्हणाली, "काका, बाप्पा लोडाला टेकून बसलेत राव!" काकांनी मूर्ती पुन्हा पाहिली, लोडाचा कोन मोजला, आणि "मंग ओके," म्हणून खाली उतरले. घरात तर विचारूच नका. काकूंच्या भाकरीला एकदा जाडी मोजायचं व्हर्निअर लावून म्हणाले, "काठाला तीन मिलीमीटर हाय आन् मदी साडेचार." काकूंनी परात खाली न ठेवता सांगितलं, "मंग काठ खावा. मधली मी म्हशीला घालते." म्हैस आमच्या सोसायटीत कुणाकडेच नाही. काकांनी मुकाट्यानं मधली खाल्ली.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी उगीच मधे आणत नाही. माझा आज्जा आयुष्यभर अंगठा उठवत आला, बाबा दहावीला थांबले, आणि मी बी.ए. होऊन ग्रंथालयाचा कोर्स केला, आज ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे, ह्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही. डिग्री हातात आली तेव्हा बाबा ती घेऊन पहिल्यांदा खाली काकांकडे गेले. पेढे नंतर. काकांनी ती उजेडाकडे धरली, पट्टी लावली, आणि म्हणाले, "शिक्का दोन मिलीमीटर डावीकडं बसलाय." बाबांचा चेहरा असा झाला की पस्तीस वर्षांच्या सगळ्या रिजेक्शनांचा हिशेब आता चुकता करतात की काय. मग काकांनी पाकिटातून हिरवं लेबल काढलं आणि डिग्रीच्या मागच्या बाजूला जपून चिकटवलं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. "ए ग्रॅज्युएट!" एवढंच. जिन्यात, रस्त्यात, भाजीवाल्यासमोर. इतक्या मोठ्यानं की भाजीवालाही आता मला ग्रॅज्युएटताई म्हणतो.

आता काकूंचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. काका लातूरकडचे, पण काकू इथल्याच, अगदी इथल्याच. आमची वसाहत आखून-रेखून वसवलेली. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं सेक्टर म्हणतो. सरळ रस्ते, चौकाचौकांत बाग, दुकानांना वेगळी जागा, झाडं एका रांगेत. दर वर्षी नागपंचमीला काकू ठेवणीतलं पातळ नेसतात, डब्यात पुरणाचे दिंड घेतात आणि सेक्टरच्या बागेत जातात. तिथं पाण्याच्या मोठ्या टाकीमागं एक बाकडं आहे, शेजारी व्यायामाची यंत्रं. त्या बाकड्यावर दोन-तीन तास एकट्या बसतात आणि परत येतात. कुणी विचारलंच तर काका सांगतात, "माहेरी गेलती." नवीन भाडेकरूंना तो विनोद वाटतो. पण तो विनोद नाही. सेक्टर होण्याआधी त्या टाकीच्या जागेवर बोरखडक नावाची अकरा घरांची वस्ती होती, आणि काकू तिथल्या. जमिनी सेक्टरसाठी गेल्या, माणसं कुणी चिखलीकडे, कुणी तळेगावकडे पांगली, आणि आता बोरखडक म्हटलं तर रिक्षावालासुद्धा विचारतो, "ते कुठं आलं?" काकू ह्याबद्दल कधी बोलायच्या नाहीत. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाल्या, "गेलं ते गेलं. पानी तर येतंय न्हवं नळाला?"

एका रविवारी काकांनी मला हाक मारली. "ए ग्रॅज्युएट, इंटरनेटवर आपल्या सेक्टरचं काई लिवलंय का गं कुणी?" मी त्यांना तो ज्ञानकोश उघडून दिला, ज्यात जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एक लेख असतो. आमच्या सेक्टरवरही होता, दीड पानाचा. "कुणी लिवलं हे?" काकांनी विचारलं. "कुणालाही लिहिता येतं, काका. तुम्हालाही." हे वाक्य मी बोलायला नको होतं. पुढचे सहा महिने माझे सगळे रविवार त्यात गेले.

पहिल्याच आठवड्यात काकांनी त्या लेखात सतरा दोष काढले. मग त्यांनी जे केलं ते फक्त आमच्या पट्ट्यातला माणूसच करू शकतो. ज्ञानकोशात प्रत्येक लेखामागं चर्चेचं एक पान असतं, तिथं त्यांनी माझ्याकडून कंपनीच्या नमुन्यातला निरीक्षण अहवाल टाइप करून घेतला. वस्तू: लेख. नग: एक. दोष क्रमांक, अपेक्षित, प्रत्यक्ष आढळले, निर्णय. खाली "तपासणारा" म्हणून स्वतःचं नाव आणि "मंजूर करणारा" ही जागा रिकामी. लेखात मुख्य रस्ता तीस मीटर रुंद म्हटलं होतं. काकांनी मला भल्या पहाटे टेपचं दुसरं टोक धरून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभं केलं. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "काका, रस्ता घ्यायचाय का काय इकत?" काका टेपवरची नजर न काढता म्हणाले, "घेतला असता, पर मापात न्हाई." एकोणतीस मीटर चाळीस भरला. आम्ही तसं लिहिलं, आणि तासाभरात ते कुणीतरी काढून टाकलं.

काढणाऱ्याचं टोपणनाव होतं 'निळी शाई'. त्यानं अगदी नम्रपणे लिहिलं होतं की स्वतः केलेली मोजमापं ज्ञानकोशात चालत नाहीत, कुठंतरी छापून आलेला संदर्भ लागतो. काकांनी ते तीनदा वाचून घेतलं.

"म्हंजे मी मोजलेलं चालत न्हाई?"

"नाही."

"मंग कुणाचं चालतं?"

"छापलेलं."

"आन् छापणाऱ्यानं मोजलं का?"

"ते विचारायचं नसतं, काका."

पस्तीस वर्षं ज्या माणसानं स्वतः मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही, त्याला हे ऐकून घाम फुटला. "ही निळी शाई कोण हाय? कोणत्या शिफ्टला असतो? पगार किती?" मी सांगितलं की पगार नाही, ही माणसं हौसेनं, फुकट हे काम करतात. काकांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "बिनपगारी, आन् तरी इतकं कडक? मंग माणूस चांगला हाय." त्या दिवसापासून त्यांनी निळ्या शाईला साहेब म्हणायला सुरुवात केली. बाबांना इतक्या वर्षांत जो मान मिळाला नाही तो त्या न पाहिलेल्या माणसाला मिळाला. बाबा दोन दिवस फुगले होते.

रस्त्याचं, झाडांचं, चौकातल्या कारंज्याचं काकांनी हळूहळू सोडून दिलं. पण दोष क्रमांक सतरा त्यांना सोडवेना. लेखाच्या शेवटी इतिहासाचा परिच्छेद होता, त्याची सुरुवातच अशी होती: 'ही वसाहत वसवण्यापूर्वी येथे ओसाड व निर्मनुष्य माळरान होते.' आणि त्याला संदर्भ होता, छापलेला, उद्घाटनाच्या वेळच्या स्मरणिकेचा. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "निर्मनुष्य म्हंजे माणूस न्हाई असंच ना गं?" मी म्हटलं, हो. "मंग मी लगीन कुणाशी केलं?" मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. "बाकीचे सोळा ऱ्हाऊ दे. हे एक काढायचं. हिचं माहेर हाय ते."

आम्ही लिहिलं: 'येथे पूर्वी बोरखडक ही अकरा घरांची वस्ती होती. गोड पाण्याची एक विहीर होती.' निळ्या शाईनं ह्या वेळी वाक्य काढलं नाही, त्याला खालून लहान अक्षरांत शेपूट जोडलं: संदर्भ हवा. मी कॉलेजात होते तेवढ्यात काकांनी एका बोटानं टाइप करून स्वतःच संदर्भ भरला. संध्याकाळी मी उघडून पाहिलं. तिथं लिहिलं होतं: 'संदर्भ: माझी बायको.'

निळ्या शाईचं उत्तर आलं, "काका, मला तुमचं म्हणणं खरं वाटतं. पण बायको हा संदर्भ धरता येत नाही." आठ दिवसांत छापील पुरावा आला नाही तर वाक्य काढावं लागेल, असंही होतं. मी ते वाचून दाखवत असताना काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "का? म्या काय खोटी हाय व्हय?" काका म्हणाले, "खोटी न्हाईस गं. छापलेली न्हाईस." आठ दिवसांनी वाक्य गेलं. मला त्या निळ्या शाईचा राग आला आणि मी त्याला चार शब्द सुनावणार होते, पण काकांनी माझा हात धरला. "त्याच्या जागी मी असतो तर मी बी लाल लेबलच लावलं असतं. तो बरोबर हाय. हेच तर अवघड हाय."

मग शोध सुरू झाला. मी माझ्या लायब्ररीतली जुनी कपाटं उपसली. काका एकेका कचेरीत जाऊन बसले. एके ठिकाणी त्यांना जुना नकाशा दाखवला, त्यात टाकीच्या जागी बारीक काळे ठिपके होते. काकांनी भिंग लावून ते मोजले, अकरा भरले, आणि नाव नव्हतं. कारकून म्हणाला, "काका, ठिपके तर आहेत ना? अजून काय पाहिजे?" काका म्हणाले, "ठिपक्यातनं कुणी सासरी येत न्हाई." शेवटी मी दोन रजा टाकल्या आणि आम्ही पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात शासकीय राजपत्रांचे बांधीव खंड काढून बसलो. धुळीनं काका शिंकत होते आणि प्रत्येक शिंकेनंतर पान कुठपर्यंत आलं ते पुन्हा तपासत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जमीन संपादनाची ती नोटीस सापडली. गटांचे क्रमांक, एका रांगेत. पुढं वर्णन: जिरायत, पड, जिरायत, घरे, विहीर एक. एवढंच. काकांनी ती ओळ बोटानं दोनदा सरळ आणि एकदा उलटी वाचली, जणू उलट्या बाजूनं नाव निघेल. "नाव न्हाई," ते म्हणाले.

पण छापलेलं होतं. आम्ही ते कळवलं आणि निळ्या शाईनं त्याच संध्याकाळी 'निर्मनुष्य' काढलं, 'ओसाड' काढलं, आणि नवं वाक्य घातलं: 'वसाहतीसाठी जमीन संपादित होण्यापूर्वी या क्षेत्रात काही घरे व एक विहीर होती.' पुढं संदर्भाचा छोटा निळा आकडा. खाली काकांना लिहिलं, "चूक आमची होती. नाव मिळालं तर जरूर कळवा."

मला ते अपुरं वाटलं. मी काकांना सरळ तोडगा सांगितला. आमच्या कॉलेजचा वार्षिक अंक निघतो, त्यात मी बोरखडकवर लेख लिहिते, तो छापून येतो, मग आपण त्याचाच संदर्भ देऊ. नाव येईल. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या डिग्रीमागचं हिरवं लेबल आठवलं. "आपणच पीस बनवायचा, आन् आपणच ओके मारायचा? ग्रॅज्युएट, तू हे शिकलीस?" मी म्हटलं, "काका, पण खरं आहे ना ते!" ते म्हणाले, "खरं हाय म्हणून तर." त्यांना ते नाव किती हवं होतं हे मला दिसत होतं. खिशातलं लेबलांचं पाकीट ते सारखं वर काढून पुन्हा आत ढकलत होते.

मग त्यांनी काकूंना बोलावलं. काकू लसूण सोलत होत्या, ताट घेऊनच आल्या. काकांनी वाक्य वाचलं, सावकाश, शाळेत पाठ म्हणावा तसं.

"काही?" काकू म्हणाल्या. "काही घरं म्हंजे? कुणाची ते न्हाई लिवलं?"

"नाव छापलेलं न्हाई कुठं."

काकू सोलत राहिल्या. दोन-चार पाकळ्या झाल्या असतील. मग खाली बघतच म्हणाल्या, "वढ्याकडनं वर आलं की पयलं थोरल्या आबाचं. त्याच्या पाठीला धाकल्याचं, पर दार पल्याड काढल्यालं, भावाभावांत बोलणं न्हवतं ना. मंग लव्हाराचं. मंग यसूआत्याचं, तिच्या दारात पेरू व्हता, आंबट, तरी आमी चोरून खायचो. मंग इहीर. इहिरीच्या अंगाला आमचं…" त्या सांगत गेल्या. कोणाचा कुत्रा भुंकायचा, कोणाच्या घरात सून टिकायची नाही, कोणत्या खडकावर वाळवण घालायचं. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते लसणाच्या पाकळ्यांबरोबर एकेक सुटं होऊन ताटात पडत होतं. लोहाराचं घर त्यांच्याकडून दोनदा आलं, एकदा विहिरीच्या अलीकडे आणि एकदा पलीकडे. ते मला कळलं, म्हणजे काकांना कळलंच असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हनुवटी मुठीवर टेकून ऐकत होते, आणि काही दुरुस्त करत नव्हते.

"आन् टोकाला ती खोली," काकू म्हणाल्या. "तिथं लातूरकडचा यक भाडेकरू ऱ्हायचा. दिसातनं चारदा पानी मागाया यायचा. सोताचा हंडा भरल्याला असला तरी."

"हंडा गळका होता," काका म्हणाले.

"न्हवता," काकू म्हणाल्या.

मला हे सगळं तोवर माहीत नव्हतं. मी काहीतरी काम आठवल्यासारखं करून वर निघून आले.

हे मी लिहून काढलंय खरं, पण ह्यानं बोरखडकला संदर्भ मिळणार नाही. ओळखीच्या माणसानं मायेपोटी लिहिलेलं पुरावा म्हणून धरत नाहीत, मी निळ्या शाईला आधीच विचारून घेतलं आहे, आणि काकांनाही ते चालणार नाही. नाव अजून कुठं छापील सापडलेलं नाही. काका महिन्यातून एकदा त्या ग्रंथालयात जातात, आता तिथल्या लोकांच्या ओळखी झाल्या आहेत. बाकी सकाळी मी कामाला निघते तेव्हा जिन्यातून त्यांची खिडकी दिसते. काका चष्मा लावून मोबाइल तोंडाजवळ धरून बसलेले असतात, रात्रीतून कुणी ते वाक्य काढलं तर नाही ना, हे बघत. आतून चहाच्या भांड्याचा आवाज येतो आणि काकू विचारतात, "हाय का वं?"

"हाय," काका म्हणतात. "जाग्यावर हाय."